दोन तुकडे पाठवतोय

प्रिय लेकी,

"सिव्हिल घेतलं की केमिस्ट्रीतून सुटका," असं तू परवा म्हणालीस. फोनवर मी गप्प बसलो, पण ते मनातून जाईना.

नोकरीच्या सुरुवातीला मी प्लायवूडच्या कारखान्यात होतो, हे तुला माहीत आहे. तिथे बाहेरच्या कामासाठी एक माल गेला आणि एका पावसाळ्यात पुस्तकाच्या पानांसारखा सुटला. व्हिनीअर, म्हणजे लाकडाचे पातळ थर, उत्तम, प्रेस उत्तम. पण थर चिकटवणारं रेझीन यूरिया फॉर्मल्डिहाइडचं होतं. त्याचे बंध ओलाव्याने हळूहळू तुटतात. फिनॉल फॉर्मल्डिहाइडचे तुटत नाहीत. तपासणीच्या कागदावर सही माझी होती. त्या रात्री मी कॉलेजची वही पुन्हा उघडली.

लाकूड म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या, हेमिसेल्युलोज आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन. साखळ्यांवरचे हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, हवेतलं पाणी ओढतात, म्हणून दार फुगून चौकटीत अडकतं. साधारण ३० टक्के ओलाव्यापर्यंत हे फुगणं चालतं. त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत साठतं आणि माप वाढत नाही. फुगणंही आडवंच, तंतूंच्या लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून तर प्लायवूडमध्ये एक थर उभा, एक आडवा. तेच गट अॅसेटिक अॅनहायड्राइड या रसायनाने झाकले की लाकूड पाणी फारसं घेत नाही. कागद करताना उलट लिग्निनच विरघळवून काढतात, आणि तो काळा द्राव जाळून कारखान्याला वाफ मिळते.

आता तुझं सिव्हिल. नॉर्वेत २०१९ मध्ये म्योस्तोर्नेट ही १८ मजली लाकडी इमारत पूर्ण झाली, उंची ८५.४ मीटर. लाकूड आणि एवढी उंच? आग लागली तर? जाड तुळई जळताना वर कोळशाचा थर धरते आणि तोच आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. जळण्याची रेषा मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर आत सरकते. अभियंता हा आकडा धरूनच तुळईची जाडी ठरवतो. मला हे फार सुंदर वाटतं. हा हिशेब करणाराही सिव्हिलवालाच असतो, बाळा.

शाखा तुझी तू निवड, माझी काही हरकत नाही.

सोबत प्लायवूडचे दोन तुकडे आहेत. एक त्या सुटलेल्या मालातला, कोपरा अजून जुळलेला आहे. दुसरा फिनॉलिक रेझीनचा. दोन्ही उकळत्या पाण्यात टाक, दोन-तीन तास राहू दे, मग कडेला नख लावून बघ. काय झालं ते रविवारी सांग.

तुझा,
बाबा