अर्ध्या टनाची क्रेन, पण बसवायची कशावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोली एमआयडीसीत एकतीस वर्षे मेंटेनन्स फिटर होतो. गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामा, जिब क्रेन घेतोय. अर्ध्या टनाची, बूम चार मीटर. भिंतीवर बसवणार, म्हणजे जागा अडत नाही." जिब क्रेन म्हणजे एका टोकाला धरलेला आडवा हात, तोच बूम; त्याला माल लटकवून फिरवायचा. विचारले, "भिंत कसली?" तर नऊ इंची, विटांची! विकणाऱ्याने किती टन ते विचारले, दर सांगितला. भिंतीचे नावही काढले नाही.

भरलेली बादली अंगालगत धरा, मग हात लांब करून धरा. बादली तीच, खांदा मात्र बोलू लागतो. चार मीटर बूमच्या टोकाला 500 किलो लटकले आणि भिंतीवरच्या दोन ब्रॅकेटांत एक मीटर अंतर असले, तर वरचे ब्रॅकेट 2 टनांच्या ओढीने भिंतीतून उपटू पाहते. बूमचे आणि चेन ब्लॉकचे, म्हणजे माल उचलणाऱ्या साखळीच्या कप्पीचे, वजन वेगळेच. वीट हे सोसणार नाही. शेडचा लोखंडी खांब कदाचित सोसेल, पण तो उभा केलाय छपरासाठी. आधी इंजिनिअरकडून हिशेब करून घ्यावा लागतो.

मग स्वतःच्या खांबावरची घ्यावी. ती पूर्ण गोल फिरते, भिंतीचे उपकार नकोत. पण तिला पाया लागतो. आमच्याकडे एवढ्याच क्रेनसाठी दीड मीटर चौरस, मीटरभर खोल काँक्रीट भरले होते. अर्धा टन उचलायला पाच टन जमिनीत गाडायचे, हे मालकांच्या गळी उतरवताना नाकी नऊ आले. शिवाय खांब ओळंब्यात हवा. आमचा किंचित कलला होता. गिअरबॉक्स अडकवला की बूम आपोआप उताराकडे निघायची, आणि ऑपरेटर तिला दोरीने शेजारच्या लेथला बांधून ठेवायचा! शेवटी बेसखाली शिम, म्हणजे पत्र्याचे पातळ तुकडे, घालून खांब सरळ केला. कोपरासारखी दुमडणारी, दोन हातांची क्रेनही मिळते. वाटेत मशीन आले तर वळसा घालून जाते. भाच्याला तिची गरज नाही.

कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 29 प्रमाणे आमच्या क्रेनची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी व्हायची, सुरक्षित भार बूमवर ठळक रंगवलेला असायचा. भाच्याकडे माणसे सहा. तिथे हा कायदा पोहोचतच नव्हता. म्हणून आपल्या भागातल्या औद्योगिक संघटनांना विनंती, की जागा न पाहता आणि क्रेन कशावर बसणार हे लिहून न देता कोणी दर देत असेल, तर तो घेऊ नका असे सभासदांना सांगावे.

भाच्याने ऑर्डर तूर्त थांबवली आहे. खांबाने जागा अडते म्हणून कुरकुर चालू आहे. चालू द्या.

आपला,
एक निवृत्त फिटर
पुलाची शिरोली, जि. कोल्हापूर