कोठारांची घरे करताना

संपादक महोदय,

इंग्लंडमधील जुन्या कोठारांत थाटलेल्या आलिशान घरांचे कौतुक होते. परंतु मूळ इमारत कोणत्या हिशेबाने बांधली होती, याचा विचार क्वचितच होतो. १८४० ते १८७०च्या दशकांत धनाढ्य जमीनदारांनी उभारलेली ‘आदर्श शेते’, म्हणजे कोठारे, तबेले, गोठे यांचे आखीव संकुल, जवळजवळ कारखानेच होती. वाफेच्या इंजिनावर मळणी आणि चारा कापणे चाले, आणि पावसाने शेणखताचा कस वाहून जाऊ नये म्हणून काही ठिकाणी गुरांचे चौकही छपराखाली घेतले गेले. (विंडसरच्या राजेशाही दुग्धशाळेतील रंगीत टाइल्स मात्र निव्वळ हौस!) पुढे ट्रॅक्टरने तबेले रिकामे केले, कंबाइन हार्वेस्टरने मळणीच्या कोठारांचे कामच संपवले.

२०१४पासून तेथे ठरावीक अटींवर शेतीच्या इमारतींची घरे करण्यासाठी संपूर्ण नियोजन परवानगी लागत नाही. वारसा यादीतील इमारतींना ही सवलत नाही. वापर बदलण्यास माझा विरोध नाही, कारण ओसाड छप्पर लवकर ढासळते. मात्र घरासाठी उंच, अखंड कोठारात मजले आणि भिंती घालाव्या लागतात, खिडक्या पाडाव्या लागतात. कार्यशाळा किंवा सभागृहाला ती मोकळी जागा जशीच्या तशी चालते, म्हणून असे वापर अधिक योग्य वाटतात.

आपला,
एक वाचक