चुलीचा धूर मोजायला आलेल्या मॅडमना

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये, पण वेंगुर्ल्याकडच्या ज्या ज्या घरांत तुम्ही ते पांढरं मशीन टांगून गेलात त्यांना बरोबर कळेल कोणाबद्दल चाललंय ते. फोनवर आभार मानायला गेले तर "अगं असू दे" करून विषयच बदललात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

पहिल्यांदा आलात तेव्हा खरं सांगायचं तर आम्ही वैतागलोच होतो. आमच्याकडे सर्व्हेवाले येतात, चहा घेतात, आधार कार्ड बघतात आणि परत तोंड दाखवत नाहीत. त्यात जुलै महिना, बाहेर धो धो, चुलीत ओली फाटी आणि नारळाची सोडणं, मागच्या पडवीत धुराने समोरचं माणूस दिसत नव्हतं आणि आई आंबोळ्या काढत बसलेली. तुम्ही मशीन खुंटीला अडकवलंत, मग काढलंत आणि खाली बांधलंत, आई पाटावर बसली की तिचं नाक जिथे येतं तिथे. हवेतल्या बारीक कणांचा आकडा बघता बघता चार अंकी झाला. चोवीस तासांची सरासरी आपल्या देशाच्या नियमात 60 आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात 15 मायक्रोग्रॅम, असं तुम्ही सांगितलंत, तर आई म्हणते, "माझ्या आवशीन पण असाच रांधल्यान, तिका काय झाला?" आजी ऐंशीची होऊन गेली हे खरंय, पण शेवटची पंधरा वर्षं ती खोकत होती आणि ते आम्ही वयाच्या खात्यावर टाकलं होतं.

मग तुम्ही ती फुंकायची नळी काढलीत. आई बघून हसायलाच लागली, "ही तर फुकणी!" चाळीस वर्षं चूल फुंकलेली बाई, तिला वाटलं हे तर डाव्या हाताचं काम. पण जोरात फुंक मारून सहा सेकंद सोडत राहायचं तर तिसऱ्या सेकंदाला दम संपला, परत केलं, औषधाचा पफ देऊन परत केलं, एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा सत्तर टक्क्यांच्या खालीच. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसून दम लागायचा जुनाट आजार. आम्हाला तो विडीवाल्यांचा आजार वाटायचा, आईने जन्मात विडी हातात धरली नाही. तो धुरातला कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतो आणि नाकातल्या केसांना चुकवून थेट खाली जाऊन बसतो, हे तेव्हा कळलं. इनहेलर कसा घ्यायचा ते तुम्ही अर्धा तास बसून शिकवलंत, स्पेसर म्हणजे ती मधली नळी लावून, आणि आईने दोनदा चुकीचा घेतला तरी चिडला नाहीत (मी चिडले होते).

इथपर्यंत तुमचं काम झालं होतं आणि तुम्ही निघाला असतात तरी आम्ही आभारच मानले असते.

पण पडवीत मामा बसला होता. गिरणगावात कार्डिंग खात्यात होता तो, संप 1982च्या जानेवारीत सुरू झाला त्याच्या आधीच छाती खराब होऊन गावी आलेला. तुम्ही त्याला काहीतरी विचारलंत, त्याने हात हलवला, ऐकू येत नाही म्हणून. बाकी लोक तिथेच सोडून देतात. तुम्ही वही काढलीत आणि लिहून विचारलंत, "सोमवारी जास्त त्रास व्हायचा का?" मामाचा चेहरा मी विसरणार नाही. रविवारी सुट्टी, सोमवारी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी व्हायची, कापसाच्या धुळीने होतं ते, पण त्याला चाळीस वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मग तो लिहीतच सुटला, धूळ, खोकला, मग टीबी, मग रोजचं स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, आणि दुसऱ्या महिन्यात कान गेले ते गेलेच.

त्याच्या खाली तुम्ही लिहिलंत, "घरात आणखी कोणाला?"

मावशी. पहिल्या बाळंतपणानंतर ताप आला, इंजेक्शनं झाली, कान गेले. आजीची धाकटी बहीण, तीच गोष्ट. आम्हाला हे माहीत होतं पण एका ओळीत कधी ठेवलं नव्हतं. घरात प्रत्येकाचं वेगळं कारण ठरलेलं, मामाचं मशीनच्या आवाजाने आणि इंजेक्शन देणाऱ्या कंपाउंडरच्या हाताने, मावशीचं नशिबाने, आणि आजीच्या बहिणीसाठी तर रवळनाथाला गाऱ्हाणं घालून झालेलं. लोक आजीला काय काय बोलले ते जाऊदे. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर घरातल्या पुरुषांचे चौकोन आणि बायकांचे गोल काढलेत, बहिऱ्यांचे काळे केलेत, आणि सगळे काळे आजीच्या बाजूला. तेव्हाच म्हणालात की आपल्याकडे जन्मजात बहिरेपणात जीजेबी-2 या जीनमधला दोष पुष्कळदा सापडतो, तो आईबाप दोघांकडून आला तरच मूल बहिरं, पण तुमच्याकडे जन्मतः कोणीच बहिरं नाही, सगळ्यांचं इंजेक्शनांनंतर गेलंय, म्हणजे हे वेगळं असणार. फॉर्म वाचून दाखवलात, रक्त घेतलंत, आणि गेलात. मला वाटलं, संपलं.

पाच महिन्यांनी परत आलात! रिपोर्ट मेल केला असतात तरी चाललं असतं, आणि आम्हाला एक अक्षर कळलं नसतं. तुम्ही चुलीपाशी बसून आईला सांगितलंत की आपल्या प्रत्येक पेशीत अशाच बारक्या चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया, आणि त्या फक्त आईकडून येतात. जंतूंचं जे प्रोटीन बनवायचं यंत्र असतं त्याच्यावर स्ट्रेप्टोमायसिनसारखं औषध घाव घालतं, आणि ह्या चुलीतलं यंत्र मुळातच जंतूंच्या यंत्रासारखं, त्यात आमच्या घरी त्या यंत्राच्या जीनमध्ये 1555व्या जागेवर 'ए'च्या ऐवजी 'जी' आलाय, एकच अक्षर, त्यामुळे ते अजूनच जंतूसारखं दिसतं आणि औषध फसतं. कानातल्या त्या बारीक केसाळ पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. मावशीमध्ये तो बदल आहे, आईत आहे, माझ्यात आहे, माझ्या बहिणीत आहे. आमचे कान शाबूत कारण ते इंजेक्शन आम्हाला कधी मिळालंच नाही, बस्स. मामाच्या मुलांना मात्र भीती नाही, बाप पुढे देत नाही.

आई रडायला लागली. "म्हंजे माझ्याकडसूनच गेला." तेव्हा तुम्ही जे केलंत त्याचे आभार कसे मानायचे मला खरंच कळत नाही, तुम्ही काहीच समजावलं नाहीत, तिचा हात धरून बसलात आणि मग विचारलंत की आजीचे डोळे कोणासारखे होते. दोघी आजीबद्दल तासभर बोलत बसलात, जीनचा विषयच नाही.

आणि जाताना ते कार्ड. लॅमिनेट केलेलं, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, कानामायसिन शक्यतो टाळा, दुसरा पर्याय नसेल तरच द्या. आईने ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलं.

गेल्या ऑगस्टमध्ये बहीण साडेसात महिन्यांतच बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत, इन्फेक्शनची शंका, आणि अशा वेळी ठरलेल्या दोन औषधांत एक जेंटामायसिन असतं हे तुम्ही बजावून ठेवलेलं म्हणून भावोजी कार्ड घेऊनच आत गेले. ड्युटीवरचे डॉक्टर आधी ऐकूनच घेईनात, व्हॉट्सॲपवर वाचून येता म्हणाले, मग कार्डाची इंग्रजी बाजू बघितली, गप्प झाले, वरिष्ठांना फोन केला. औषध बदललं. वीस मिनिटांत. बाळ तेराव्या दिवशी घरी आलं, कानाची तपासणी पास झाली, तीन महिन्यांनी पुन्हा केली तीही पास. इंजेक्शन दिलं असतं तर कान गेलेच असते असं नाही, तुम्हीच सांगितलंयत, पण तो जुगार आम्हाला खेळावा लागला नाही. (हे वाचून कोणी उगाच इंजेक्शनला नाही म्हणू नका, त्या औषधाने कितीतरी पोरं वाचतात, ज्यांच्या घरी आईच्या बाजूने असं झालंय त्यांनी आधी डॉक्टरांना सांगा एवढंच.)

मुलगी आहे. कुकरची शिट्टी झाली की दचकते. आईला तेवढ्यासाठी कुकर लावायला आवडतो, म्हणजे गॅसवर, ही तुमच्यासाठी बातमीच आहे. आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं, खोटं बोलत नाही.

मामाला सगळं लिहून दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. मग खाली लिहिलं, "त्या कंपाउंडरला मी फार शिव्या दिल्या. त्याची चूक नव्हती. मॅडमना सांग."

तर सांगितलं.

तुमची,
आंबोळीवाल्या काकूंची थोरली

ता.क. पडवीची दोन कौलं काढून धुराला वाट केलीय, आईचीच आयडिया. मशीन घेऊन एकदा या, आकडा किती येतो यावर तिची आणि भावोजींची पैज लागलीय.