कुंपण नसलेलं उद्यान

केर्न्स, ऑस्ट्रेलिया

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "समुद्रात पार्क म्हणजे काय, कुंपण घातलंय का?" तेव्हा घाईत धड सांगता आलं नाही. कुंपण नाही, पण नकाशा आहे. ग्रेट बॅरिअर रीफ म्हणजे इथल्या किनाऱ्यालगतची प्रवाळांची प्रचंड रांग. तिचं मरीन पार्क 1975 च्या कायद्याने झालं. क्षेत्रफळ 3 लाख 44 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा महाराष्ट्र आत मावून वर जागा उरेल. एवढ्या पाण्याचे रंगांप्रमाणे भाग पाडलेत. फिकट निळ्यात बरंच काही चालतं. पिवळ्यात मासे धरायचे तर माणशी एकच गळ. हिरव्यात पोहा, बघा, पण मासेमारी नाही. गुलाबीत तर परवानगीशिवाय शिरायचंच नाही. 2004 मध्ये हिरवा भाग 5 टक्क्यांच्या आतून एकदम 33 टक्क्यांवर नेला, तेव्हा मासेमारी करणारे चांगलेच खवळले होते म्हणे. खवळणारच, पोटाचा प्रश्न!

इथून बोटीने तासाभराच्या आत पोचता येतील अशी दोन बेटं पाहिली. शेजारी-शेजारी असून दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फिट्झरॉय म्हणजे बुडालेल्या डोंगराचा माथा. हिमयुगात समुद्र खाली होता, तेव्हा ते मुख्य जमिनीलाच जोडलेलं होतं. ग्रॅनाइटचे धोंडे, चढ, दाट जंगल. किनाऱ्यावर मात्र जिकडे तिकडे प्रवाळाच्या तुकड्यांचा खच, बोटांएवढे पांढरे तुकडे. लाट मागे सरकली की ते एकमेकांवर घासतात आणि बांगड्यांसारखा किणकिणाट होतो. अनवाणी चालायची हौस लगेच फिटली.

ग्रीन आयलंडला डोंगर नाही की धोंडा नाही. ते बेट जिवंत प्राण्यांनीच घडवलंय. प्रवाळाचा, शिंपल्यांचा चुरा लाटांनी एका जागी लोटला, तो हळूहळू साठत गेला, पक्ष्यांनी, वाऱ्याने आणि लाटांनी बिया आणल्या, आणि आज तिथे चक्क जंगल उभं आहे. वय साधारण 6 हजार वर्षं. आकार जेमतेम 12 हेक्टर, रमतगमत चाललं तरी तासाभरात फेरी पुरी होते.

या वाळूच्या कारखान्यातला एक कामगार मी प्रत्यक्ष पाहिला, पोपटमासा. पाण्यात डोकं घातलं की आधी आवाजच येतो, कुरुम, कुरुम. दात चोचीसारखे जुळलेले. मेल्या प्रवाळावरचं शेवाळ तो खरवडतो आणि त्याबरोबर चुनाही गिळतो. शेवाळ पचतं, चुन्याचं घशातल्या दातांनी पीठ होतं आणि ते मागून बाहेर पडतं. आमच्यासमोर एकाने पांढरा धूर सोडावा तसं ते पीठ सोडलं आणि ढिम्म पुढे गेला. आई, ज्या शुभ्र वाळूवर लोक लोळून फोटो काढतात, त्यातली बरीचशी अशी आलेली असते. नाक मुरडू नकोस!

रंगांबद्दल खरं सांगायचं तर जाहिरातीतलं प्रवाळ आणि डोळ्यांना दिसणारं प्रवाळ यांत फरक आहे. पाणी लाल रंग आधी शोषून घेतं, म्हणून थोडं खाली गेलं की बरंचसं तपकिरी, मोहरीच्या रंगाचं दिसतं. फोटोतला भडकपणा दिव्यांचा नाहीतर संगणकाचा. पण तो तपकिरी रंग चांगला, कारण तो प्रवाळात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो आणि प्रवाळाला बहुतेक अन्न तेच पुरवतं. पाणी फार तापलं की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरंफटक पडतं. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतं. पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं. इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर असं पांढरं पडलं ती अलीकडची वर्षं: 2016, 2017, 2020, 2022, 2024... मधली अंतरं बघा, सावरायला उसंत कुठली?

एका दिवसात तीन-तीन ठिकाणं दाखवणाऱ्या सहली मला पटत नाहीत. एकाच जागी तरंगत राहावं. मी एका महाकाय शिंपल्यावर तशी थांबले. त्याच्या कडेचं मांस जांभळं-हिरवं, मखमली. माझी सावली पडली की तो अंग आत ओढून घ्यायचा, मी बाजूला झाले की पुन्हा सावकाश उघडायचा.

आता तुमच्या येण्याचं. जून ते ऑक्टोबरमध्ये या. नोव्हेंबर ते मे जेलीफिशचा हंगाम असतो. त्यातली इरुकांजी नखाएवढी, पण तिचा डंख थेट दवाखान्यात पोचवतो. म्हणून त्या दिवसांत सगळे डोक्यापासून पायापर्यंत पातळ सूट घालून पाण्यात उतरतात. आई, पोहता येत नाही म्हणून अडून बसू नकोस, ग्रीन आयलंडला काचेच्या तळाची बोट आहे. आणि बाबा, चष्म्याच्या नंबरचा मास्क मिळतो, तेव्हा तुमचा नंबर कळवा, मी इथे चौकशी करून ठेवते.

तुमची,
मनू