डन्सच्या बाटल्या तुझ्याकडे आहेत का?

बेळगाव

प्रिय सुमे,

आईचे गुडघे तसेच, बाकी सगळे बरे. लिहायला बसले ते एकाच काळजीनं: आमच्या डन्स माश्यांचा, त्या एका जनुकातल्या बिघाडामुळे शिकू न शकणाऱ्या फळमाश्यांचा, वंश बुडायला आलाय. हे घरात कुणापुढे बोलू? "बरं झालं, केळी तरी वाचतील," म्हणतील.

भर उन्हाळ्यात वीज गेली आणि इन्क्युबेटर बंद पडला. कुठं २५ अंश आणि कुठं ही खोलीची भट्टी! तिशीच्या वर नर नापीक होतात, हे तुला काय सांगायचं. बाटलीत माश्या फिरताहेत, पण खाद्य वरून गुळगुळीत. अळ्यांनी उकरल्याची खूण म्हणून नाही. आता थंडावा मिळालाय, पण नर सावरायच्या आधीच म्हातारे होऊन मेले तर? त्यात डन्सच्या माद्या मुळातच अंडी घालायला कुचराई करणाऱ्या. रुताबागा, त्या दुसऱ्या विसरभोळ्या माश्या, मात्र तगल्यात.

खानापूरहून दोन पोरी माश्यांवर प्रयोग करायला येतात. ऑक्टॅनॉलचा वास देताना विजेचा झटका, दुसऱ्या वासाला काही नाही. मग टी-मेझमध्ये, म्हणजे दोन वासांच्या दोन नळ्यांमधून निवड करायच्या फाट्यावर, सोडून कुठल्या नळीत किती गेल्या ते मोजतात. वास आलटूनपालटून पुन्हा. साध्या माश्या झटक्याचा वास टाळतात. डन्सला वासही कळतो, झटकाही लागतो, पण दोन्हींची सांगड काही बसत नाही. १९७६ साली अमेरिकेतल्या सीमोर बेंझर या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेनं जगापुढे मांडलेली गोष्ट बेळगावात या पोरींच्या डोळ्यांदेखत घडते गं! ती मध्येच तुटू नये, एवढंच वाटतं.

धारवाडच्या मेसमध्ये तू केवढी भांडली होतीस! डन्समध्ये सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीतला तो निरोप्या रेणू, मोडणारं विकर बिघडलेलं, म्हणजे एएमपी साठणार, मग आठवण पक्कीच व्हायला हवी, म्हणालीस. रुताबागात एएमपी बनवणारंच विकर बिघडलेलं, आणि तीही विसरते. मी अजून म्हणते, नुसतं वाढून भागत नाही, वेळेवर चढावं आणि वेळेवर उतरावंही लागतं. तू आमटीची वाटी आपटून उठलीस, पण उत्तर दिलं नाहीस. अजून येणं आहे.

लेकीची दहावी कशी गेली? घराचं प्लॅस्टर झालं का?

डन्स असतील तर चार बाटल्या रात्रीच्या बसनं पाठव. इंजिनाजवळ ठेवू देऊ नको, बोळे घट्ट बसव. पहाटे स्टँडवर मी येते. कुंद्याचे दोन डबे पाठवीन. एक तुझ्या नवऱ्यापासून लपव. नसतील तरी लगेच फोन कर, म्हणजे दुसरीकडे विचारता येईल.

तुझी,
शैला