तेलाचा सण

दिमोना, इस्राएल, हनुक्काचा तिसरा दिवा

प्रिय बाय,

हनुक्का हा आम्हा ज्यूंचा दिव्यांचा सण; खिडकीत तीन दिवे आणि त्यांना पेटवणारा शम्माश असे चार दिवे तेवताहेत. घरभर तळणाचा वास सुटलाय, दिवाळीआधी अलिबागला तुमच्या स्वयंपाकघरात असायचा तसाच. यंदा सुफगानियोत मनासारखे जमले गं! पहिला घास घेताना तूच आठवलीस, म्हणून हात धुऊन लिहायला बसले.

सुफगानियोत म्हणजे आत जॅम भरलेले गोल, तळलेले डोनट. जेरुसलेमचं मंदिर परत मिळालं तेव्हा एका दिवसापुरतं तेल आठ दिवस जळलं, त्याची आठवण म्हणून इथे आठही दिवस तळणीचं खातात. आमच्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. नव्याचा सण, दरफाळणीचा सण, अनाशी धाकाचा सण ही आमच्या बाकीच्या सणांची मराठी नावं तिच्या तोंडी असायची; हनुक्काला मात्र आमच्याकडे जुनं मराठी नावच नाही. कोकणातल्या आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पूर्वजांना हा सण फार उशिरा कळला म्हणतात. आणि गंमत बघ, धंदा तेलाचाच! घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, तेव्हा घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. कढईपाशी उभी राहिले की हे मनात येतंच. हा सण आमच्यापर्यंत उशिरा आला, पण तेल आमचंच होतं.

इथल्या पहिल्या वर्षी सगळा घाणा वाया गेला होता. तेल कडकडीत तापवलं, वरून काळे आणि आत कच्चं पीठ. मी रडले होते. शेजारची मोरोक्कन मावशी आली, तिने आच कमी केली आणि पिठाची गोळी टाकून दाखवली. ती तळाशी जाऊन सावकाश वर आली, की तेल झालं. अनारशाला तुझी आई हेच सांगायची, ते मी कशी विसरले?

तू करून बघच. अर्धा किलो मैदा, १० ग्रॅम कोरडं यीस्ट, ४ चमचे साखर, चिमूट मीठ, एक अंडं, दोन बलक, ३ चमचे तेल, संत्र्याची किसलेली साल. मळायला कोमट नारळाचं दूध, साधारण २०० मिली, पण एकदम ओतू नकोस. रात्री मटण असतं आणि त्याबरोबर आम्हाला दूध-लोणी चालत नाही. आईच्या हलव्यातही नारळाचंच दूध असायचं, तेच इथे घातलं. दहा मिनिटं मळ, पीठ हाताला जरा चिकटलं तरी वरून मैदा घालू नकोस. दुप्पट फुगलं की बोटभर जाड लाटून पेल्याने काप, कागदाच्या तुकड्यांवर अर्धा तास ठेव. मग कागदासकट तेलात सोड, कागद आपोआप सुटतो, तो चिमट्याने काढ. उलटल्यावर कडेला मधोमध पांढरा पट्टा उमटला, तर पीठ नीट फुगलं होतं. निवले की जॅम, वर पिठीसाखर.

उद्या शुक्रवार. सूर्य मावळायच्या आत तळण आटोपायचं, आधी हनुक्काचे दिवे, मग शब्बाथचे. चार घरी सुफगानियोत द्यायचे आहेत.

आईचा लोखंडी झारा तुझ्याकडेच आहे ना? इकडे कुणी येणारं असेल तर धाड. इथल्या स्टीलच्या झाऱ्याला तो हात नाही.

तुझीच,
मी