१६ डिसेंबर लक्षात राहतो, १४ डिसेंबर नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी १६ डिसेंबरला पेपरात १९७१ च्या युद्धातला, पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीवर सही करतानाचा तो फोटो येतो, ९३ हजार युद्धकैद्यांचा आकडा येतो, आणि यायलाच हवा, आपले जवान गेलेत त्यात. पण त्याच्या दोनच दिवस आधी ढाक्यात अल-बद्रची (पाकिस्तानी सैन्याला साथ देणारी सशस्त्र संघटना) माणसं याद्या घेऊन घरोघरी फिरत होती आणि प्रोफेसर, डॉक्टर, पत्रकार यांना डोळ्यांवर पट्टी बांधून उचलून नेत होती हे किती जणांना माहितीये? नाटककार मुनीर चौधुरी, हार्टचे डॉक्टर फजले रब्बी, डोळ्यांचे डॉक्टर अलीम चौधुरी, सगळे त्या दोन-तीन दिवसांतच गेले. रायेरबाजारच्या वीटभट्ट्यांजवळ कित्येकांची प्रेतं नंतर सापडली. पाकिस्तान हरतोय हे त्यांना दिसत होतं, मग निदान नव्या बांगलादेशात शिकलीसवरलेली माणसंच उरू नयेत, असा तो हिशोब.

आपल्याकडे ७१ म्हणजे १३ दिवसांचं युद्ध, बस्स. त्याआधी पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, २५ मार्चच्या रात्रीपासून पाकिस्तानी सैन्याचं जे हत्याकांड चालू होतं ते कुणी सांगतच नाही. ढाका युनिव्हर्सिटीच्या जगन्नाथ हॉलमध्ये, म्हणजे हिंदू मुलांच्या होस्टेलमध्ये घुसून गोळ्या घातल्या. २० मेला खुलना जिल्ह्यात चुकनगरला भारताकडे निघालेले लोक थांबले होते, तिथे सैन्य आलं आणि काही तासांत हजारो माणसं मारून गेलं. एकूण आकड्यावर वाद आहे, बांगलादेश ३० लाख म्हणतो, बरेच अभ्यासक काही लाख म्हणतात, पाकिस्तानच्या आयोगाने २६ हजार सांगितले (!).

व्हॉट्सअ‍ॅपवर हा विषय येतो कधीकधी, पण अर्धाच. एकात फक्त हिंदू मेले असतात, दुसऱ्यात हिंदूंचा उल्लेखच नसतो. खरं म्हणजे हिंदूंना वेचून वेचून मारलं आणि बंगाली मुसलमानही मोठ्या संख्येने मारले, दोन्ही खरंय, आणि कुणाला आज राजकारणासाठी कुठला अर्धा हवाय त्यावर ते ठरू नये.

जगाला हे कळलं त्यात आपल्या जवळचा एक माणूस होता. अँथनी मस्करेन्हस, गोवेकर कुटुंबातले, जन्म बेळगावचा (बेळगाव म्हटलं की आपल्याला फक्त सीमाप्रश्न आठवतो!), नोकरी कराचीत पत्रकाराची. सगळं ठीकठाक आहे असं लिहावं म्हणून पाकिस्तानी सैन्याने आठ पत्रकारांना पूर्वेकडे फिरवून आणलं, बाकीच्यांनी सांगितलं तसं लिहिलं, यांनी नाही. आधी बायकोमुलांना देशाबाहेर काढलं, मग स्वतः अफगाणिस्तानमार्गे निसटले आणि १३ जून १९७१ ला लंडनच्या संडे टाइम्समध्ये सगळं छापून आलं. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर तेव्हा गप्प होते, त्यांना चीनशी बोलायला पाकिस्तान हवा होता, त्यांच्याच ढाक्यातल्या आर्चर ब्लड या अधिकाऱ्याने तारा पाठवून कळवलं तरी.

बांगलादेशने २०१७ मध्ये २५ मार्च हा नरसंहार दिन ठरवला. आपल्या पेपरात त्या दिवशी एक पान द्यायला काय हरकत आहे? मस्करेन्हसांवर लिहा, चुकनगरवर लिहा. आणि आपल्या वाचकांनाही विचारा. एक कोटी निर्वासित आले तेव्हा नोव्हेंबर ७१ पासून टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, महाराष्ट्रातल्या घराघरांतून ते पैसे गेलेत. जुन्या पत्रांवर ती तिकिटं अजून सापडतील, तुम्ही आवाहन केलंत तर लोक फोटो पाठवतील.

आपली नियमित वाचक,
सांगली